पुढच्या दारांतला आवाज

गाडीच्या पुढच्या दोन दारांतले स्पीकर बदलले, तर ऑडिटरच्या खाती तीन गोष्टी जमा होणार होत्या. पहिली, बायकोचं रेडिओवरचं भाषण घरच्यांना नीट ऐकू आलं असतं. दुसरी, ते ऐकायला साडूच्या गाडीत जाऊन बसावं लागलं नसतं. तिसरी त्याने मनातल्या मनातही कधी उघड मांडली नव्हती, पण आपण मांडू: एवढ्या वर्षांच्या संसारात 'बरं झालं, तुम्ही होतात' हे वाक्य बायकोच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, ते कदाचित निघालं असतं. खर्चाच्या बाजूला फक्त दोन स्पीकर आणि सुट्टीचा एक दिवस. व्यवहार इतका फायद्याचा दिसला की कोणत्याही ऑडिटरला संशय यायला हवा. पण दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्याला स्वतःची वही नेहमीच स्वच्छ दिसते.

तो पाणीपुरवठा कचेरीत हिशेब तपासायचा. इमारतीत त्याला सगळे ऑडिटरच म्हणत, इस्त्रीवालासुद्धा. हरकत काढणं हे त्याचं काम होतं आणि ते तो कचेरीत ठेवून येत नसे. घरी चहा आला तरी आधी तो कपात किती आहे ते बघायचा आणि मग भांड्यात किती उरला असेल याचा अंदाज घ्यायचा.

बायको लिहायची. कधी लिहायची, कुठे लिहायची, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. कागद महाग झाले असते तर आलं असतं. तर तिने एक लेख गावातल्या छोट्या रेडिओ केंद्राला पाठवला, त्यांनी तो पसंत केला, तिला बोलावून तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केला, आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचला तो लागणार असं कळवलं.

"विषय काय आहे?" ऑडिटरने विचारलं.

"घरगुती आहे."

"घरगुती म्हणजे?"

"घरातलाच. रविवारी ऐका की."

ऑडिटरने कचेरीत सांगितलं की कुटुंबव्यवस्थेवर चिंतन आहे.

आता अडचण अशी, की हे केंद्र इतकं छोटं होतं की मोबाईलवर लागत नसे, साधा रेडिओच लागायचा. आणि घरातला रेडिओ ऑडिटरने दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केला होता, त्यामुळे आता घरात रेडिओ नव्हता. उरली गाडी. तिच्या उजव्या दारातला स्पीकर बरणीत अडकलेल्या माशीसारखा गुणगुणायचा, आणि डावा गप्प असायचा. गाडी गतिरोधकावरून उडाली की तेवढ्यापुरता दोन शब्द बोलायचा, रुसलेल्या पाहुण्यासारखा.

ही बातमी साडूला कळली. साडूला बातम्या कळतात, कारण दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. फरशांचा व्यापार, मोठी गाडी, आणि तीत इतके स्पीकर की एक डोक्यामागेसुद्धा. त्याने प्रेमाने फोन केला.

"साडूभाऊ, रविवारी आमच्या गाडीत बसू सगळे. तुमच्यात ऐकायचं म्हणजे मेहुणीबाईंचा आवाज आहे की गिअरचा, कळायचं नाही."

"बघतो," ऑडिटर म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर तडक बाजारात गेला.

दुकानदाराने पुढ्यात चार डबे मांडले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "काय ऐकता जास्त? गाणी, बातम्या?"

"बायकोला ऐकायचंय."

"वहिनींना काय ऐकायला आवडतं?"

"तसं नाही. बायको बोलणार. आम्ही ऐकणार."

दुकानदाराने हातातला डबा खाली ठेवला. "साहेब, एवढी वर्षं दुकान चालवतोय. बायकोचा आवाज वाढवून मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं."

त्याने चांगले वजनदार स्पीकर दिले, मागे जाडजूड लोहचुंबक असलेले. वर म्हणाला, "गाडी इथेच लावा, फिटिंग फुकट करून देतो." इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ऑडिटर म्हणाला, "बिलावर फिटिंग लिहा."

"फुकट आहे, तर लिहू काय?"

"शून्य लिहा. पण लिहा. जे बिलावर नाही ते काम झालेलं नाही. उद्या काही बिघडलं तर कुठे शोधू?"

दुकानदाराने शून्य लिहायला नकार दिला. शून्य लिहिलं की त्याच्या हिशेबनीसाला प्रश्न पडतात, म्हणे. दोन्ही बाजू तत्त्वाच्या होत्या. ऑडिटर डबे काखोटीला मारून घरी आला आणि फुकट होणारं काम त्याने स्वतःच्या शिरावर घेतलं. स्वाभिमान म्हणतात तो हाच.

शनिवारी सकाळी त्याने पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली, हत्यारं मांडली, आणि पहिला स्क्रू फिरवणार तोच सोसायटीचा सेक्रेटरी हजर झाला. सेक्रेटरी आणि ऑडिटर यांच्यात जुनी थकबाकी होती. मागच्या वर्षीच्या हिशेबात ऑडिटरने झाडूंच्या खरेदीवर हरकत काढली होती: झाडू आणि दांडा वेगवेगळ्या तारखांना का घेतले, आणि मधल्या काळात नुसत्या दांड्याने काय झाडलं. सर्वसाधारण सभेत हशा पिकला होता. सेक्रेटरी तो हशा विसरला नव्हता.

"काय चाललंय?"

"काही नाही, स्पीकर बसवतोय."

"आवारात लाउडस्पीकर लावायचा तर समितीची मंजुरी लागते."

"लाउडस्पीकर नाही हो. गाडीच्या दारात बसतो तो."

"आवाज बाहेर येतो?"

"दार बंद असलं तर नाही येत."

"म्हणजे उघडलं तर येतो." सेक्रेटरीने नियमांची पुस्तिका काढली. ती त्याच्या खिशातच असते. "शिवाय पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला बंदी. नियम तुम्हीच मांडला होता."

ते खरं होतं. शेजारच्या डेंटिस्टची गळकी गाडी आवारात दुरुस्त होऊ नये म्हणून ऑडिटरने तो मांडला होता.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी तडजोड निघाली ती अशी: काम वैयक्तिक असेल तर परवानगी नाही, पण रहिवाशांच्या सांस्कृतिक फायद्याचं असेल तर सेक्रेटरी स्वतःच्या अधिकारात देऊ शकतो. ऑडिटरला हे आवडलं. बायकोचं भाषण सगळ्या इमारतीने ऐकावं यात वाईट काय? त्याने मान डोलवली. अर्ध्या तासात फलकावर सूचना लागली: 'रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता ऑडिटर यांच्या गाडीतून त्यांच्या सौभाग्यवतींचे रेडिओभाषण ऐकवण्यात येईल. खुर्च्या आपापल्या आणाव्यात.'

दोन माणसांची बाब अशी चावडीवर आली. ऑडिटरला मात्र वाटलं की सेक्रेटरीला आपण गुंडाळलं.

दाराचं आतलं आवरण काढायला गेलं तर ते निघेना. सगळे स्क्रू काढले, तरी एका कोपऱ्यात काहीतरी धरून ठेवत होतं. तेवढ्यात तो डेंटिस्ट वरून आला. त्याचं घर ऑडिटरच्या घराला लागूनच. शनिवारी त्याच्याकडे रोगी कमी असत आणि हौस जास्त. त्याने घरून दांडीवरचा छोटा आरसा आणला, दाराच्या फटीत सरकवला आणि म्हणाला, "हं. आत एक आहे. अक्कलदाढेसारखा लपलाय."

लपलेला स्क्रू निघाला. मग आवरण ओढलं, तर आतल्या प्लास्टिकच्या खुंट्या एकेक करून कट कट मोडल्या. डेंटिस्टने त्यातली एक उजेडात धरून पाहिली.

"मुळापासून गेली. आता हिला वाचवण्यात अर्थ नाही."

"मग आवरण परत बसणार कसं?"

"चिकटपट्टी लावू. थोडे दिवस सूज दिसेल."

जुना स्पीकर निघाला. नवा लावून पाहिला तर दारातलं भोक मोठं आणि स्पीकर लहान. मध्ये एक कडं हवं होतं. बाजारात ते मिळतं, पण बाजारात दुकानदार होता. ऑडिटर स्वयंपाकघरात गेला आणि भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट घेऊन आला.

"भाजी कशावर चिरू?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"दोन दिवस उसळ कर."

त्या पाटातून दोन कडी निघाली, जरा ओबडधोबड, पण घट्ट. डेंटिस्टने पट्टी घालून खोली मोजली. काच तेव्हा वर होती, म्हणून दारात जागाच जागा दिसली. "ऐसपैस बसेल," तो म्हणाला, आणि स्पीकर ऐसपैस बसला.

तारांचं काम ऑडिटरने कोणालाच करू दिलं नाही. प्रत्येक स्पीकरला दोन तारा, एक अधिक, एक उणे. उलटसुलट होऊ नये म्हणून त्याने त्यांना चिठ्ठ्या लावल्या. अधिक-उणे हे त्याला शाळकरी वाटलं, म्हणून त्याने आपल्या विद्येप्रमाणे 'नावे' आणि 'जमा' लिहिलं. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, हा नियम त्याला झोपेतही पाठ. उजवं दार करताना त्याने विचार केला की स्पीकर हा घेणारा. जेवण करून डावं दार करायला घेतलं तेव्हा तो गाडीच्या बाजूने विचार करत होता, आणि गाडी पडली देणारी. दोन्ही दारं आपापल्या जागी शास्त्रशुद्ध होती. फक्त एकमेकांच्या बरोबर उलटी.

संध्याकाळी रेडिओ लावला. आवाज भरपूर होता, पण कोणीतरी विहिरीत उतरून गात असल्यासारखा.

"वाद्यं ऐकू येतात," डेंटिस्ट कान देऊन म्हणाला. "बाई कुठे गेली?"

"नवीन स्पीकर आहेत. बुजलेत."

"स्पीकर बुजतात?"

"थोडे वाजले की मोकळे होतील."

दोघं बराच वेळ त्यांना मोकळं करत बसले. शेवटी बायको खाली आली, दोन्ही दारांतून लोंबणाऱ्या चिठ्ठ्या तिने वाचल्या, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "अहो, एका दारात पांढऱ्या तारेला नावे लिहिलंय आणि दुसऱ्यात त्याच पांढरीला जमा. दोघांनी एकदा बसून ठरवा तरी."

ऑडिटरने ती दिवे लावायला गेल्यावर तारा बदलल्या, तिच्यादेखत नाही. बाई विहिरीतून वर आली. आवाज असा खणखणीत निघाला की तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी 'बास' म्हणालं. ऑडिटरला वाटलं, जिंकलो.

रविवारी पाचपासूनच खुर्च्या खाली येऊ लागल्या. प्लास्टिकच्या, लाकडी, एक आरामखुर्ची, आणि एका आजोबांसाठी न्हाणीघरातलं स्टूल. साडू आणि मेहुणी आले. साडूने आपली गाडी फाटकाबाहेर, पण सगळ्यांना दिसेल अशी लावली होती. त्याने ऑडिटरच्या गाडीचं सुजलेलं दार बोटाने दाबून पाहिलं आणि फक्त "वा" म्हणाला. त्या 'वा'चा पडसाद ऑडिटरच्या कानात बराच वेळ घुमत राहिला.

बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती. हातात लेखाचे कागद होते. रेडिओवर काय काय लावतात ते ताडून बघायला, असं तिने सांगितलं. ती पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्याकडे ऑडिटरचं सहज लक्ष गेलं आणि त्याला जरा धाकधूक वाटली. लग्नाच्या दिवसानंतर तिला इतकी सावरून बसलेली त्याने पाहिली नव्हती. हा खेळ आपल्यासाठी साडूला चितपट करायचा होता. तिच्यासाठी तो वेगळाच काहीतरी होता, हे त्याला त्या क्षणी, म्हणजे फार उशिरा, कळलं.

तो चालकाच्या जागेवर बसला. किल्ली फिरवली. निवेदिका म्हणाली, "श्रोतेहो, आता ऐकू या..."

"मागे ऐकू येत नाही," कोणीतरी ओरडलं. "काच खाली घ्या."

ऑडिटरने ऐटीत बटण दाबलं. काल दिवसभर काच वरच होती. ती पहिल्यांदाच खाली निघाली होती. अर्ध्यापर्यंत आली, लोहचुंबकाच्या जाड ढुंगणावर बसली, आणि बसली ती बसलीच. मोटर कण्हली. आत काहीतरी कट्ट झालं. तारेचं उघडं टोक पत्र्याला लागलं असावं, कारण रेडिओचा दिवा मालवला आणि निवेदिका 'ऐकू या' वरच राहिली.

"फ्यूज," डेंटिस्टने जागेवरूनच निदान केलं.

"दुसरा आहे?"

"माझ्या गाडीत आहे. गाडी गॅरेजात आहे. इथे दुरुस्तीला बंदी आहे ना."

खुर्च्यांवर कुजबुज झाली. सेक्रेटरीने घड्याळ बघितलं आणि आनंद आवरला. गावभर ज्यांच्या घरी धड रेडिओ होता, त्या अनोळखी लोकांच्या घरात आत्ता ती बोलत होती. फक्त तिची माणसं जिथे बसली होती, तिथे तिचा आवाज नव्हता. दूध नासल्यावर पाहुण्यांसमोर जे हसू आणतात, ते बायकोने आणलं आणि ती कागदांची घडी घालायला लागली.

ती घडी बघून ऑडिटर गाडीतून उतरला. खुर्च्यांच्या मधून वाट काढत साडूसमोर जाऊन उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, तुमची गाडी आत घ्या. लवकर."

हे वाक्य त्याला केवढ्याला पडलं, ते ज्यांना साडू आहे त्यांनाच कळेल. साडूचंही नवल असं की तो हसला नाही. किल्ली काढत उठला.

"भावोजी, बसा," बायको म्हणाली. "तुमच्या गाडीत पाच माणसं मावतील. बाकीच्यांनी खुर्च्या काय उन्हात घालायला आणल्यात? कागद आहेत माझ्याकडे. मीच वाचते."

"मागेपर्यंत आवाज गेला पाहिजे हं वहिनी," सेक्रेटरी म्हणाला.

"इतकी वर्षं यांना हाका मारल्यात. जाईल."

ती गाडीला टेकून उभी राहिली, बरोबर त्या सुजलेल्या दाराशी, आणि वाचायला लागली.

विषय खरोखरच घरगुती होता. 'आमच्या घरी दुरुस्ती चालू आहे' हे पहिलंच वाक्य ऐकून ऑडिटर हातातला स्क्रू-ड्रायव्हर लपवायला जागा शोधू लागला.

"आमच्या दाराची घंटा," ती वाचत होती, "यांनी दुरुस्त केल्यापासून शेजारच्या घरात वाजते. शेजारी भला माणूस आहे. तो येऊन सांगतो की तुमच्याकडे कोणीतरी आलंय. त्यामुळे आमच्याकडे एक पाहुणा कधीच येत नाही, दोन येतात."

सगळे डेंटिस्टकडे बघून हसले. डेंटिस्टने उभं राहून मान लववली.

"पंखा यांनी उघडला तेव्हा तो फक्त आवाज करत होता. आता तो फक्त आवाज करतो."

स्टुलावरच्या आजोबांनी डोळे पुसले. मग नळाचा किस्सा आला, तेव्हा ऑडिटरला राहवलं नाही.

"नळ नव्हता तो. फ्लशची टाकी होती."

"नोंद घेतली," बायको म्हणाली, आणि हशा नव्याने उसळला. हे मात्र कागदात नव्हतं. तिला चेव चढला होता. वाचता वाचता ती हात हलवत होती, थांबत होती, हसू ओसरू देत होती. सेक्रेटरी खुर्चीवरून पुढे सरकला होता. झाडूच्या दिवसापासून तो या क्षणाची वाट बघत असावा.

अखेरच्या पानांशी ती थांबली.

"एवढंच रेडिओवर लागलं असेल. पुढची दोन पानं त्यांनी काढून टाकली. म्हणाले, नातेवाइकांची थट्टा ओळखू येते." तिने ऑडिटरकडे पाहिलं. "वाचू का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. साडूची सगळ्यात आधी. नातेवाईक म्हटल्यावर कोण, हे त्याला लगेच उमगलं होतं, आणि तो ऑडिटरला डोळ्यांनी काहीतरी विनवत होता. दोघांचे संबंध जुळल्यापासून पहिल्यांदाच साडूला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. ऑडिटरने एकदा साडूकडे बघितलं, एकदा बायकोच्या हातातल्या कागदांकडे.

उभ्या नोकरीत ज्याने हे दोन शब्द कुठल्या कागदावर लिहिले नव्हते, तो म्हणाला, "हरकत नाही."

"आमच्या ताईकडे काही दुरुस्त होत नाही," तिने वाचलं. "तिचे यजमान वस्तूला कंटाळले की नवी आणतात, आणि जुनी आम्हाला देतात. देताना म्हणतात, चालू आहे हं. मग आमचे यजमान ती उघडतात. म्हणजे एक जण चालू वस्तू टाकतो आणि दुसरा ती बंद पाडतो. ताईला कशाची सवय होत नाही आणि मला कशाचा उपयोग होत नाही. पण एक सांगते. इमारतीतली वीज गेली की लोक आमच्याच दाराशी येतात. म्हणजे शेजारच्यांच्या दाराशी. हे बॅटरी घेऊन खाली जातात आणि ती मीटरच्या पेटीवर धरून उभे राहतात. वीज येते ती वीजवाल्यांमुळेच. पण ती येईपर्यंत उजेड यांचा असतो."

इथे कोणी हसलं नाही, मेहुणी सोडून. ती मागच्या वाक्यांना अजून हसत होती, साडूच्या दंडाला धरून, 'चालू आहे हं, चालू आहे हं' म्हणत. मग टाळ्या पडल्या. बायकोने कागद खाली घेतले आणि 'उद्या भाजी चिरायला काहीतरी आणा' एवढंच ऑडिटरला म्हणाली.

आता हे कोणाला केवढ्याला पडलं ते बघू. काचेची मोटर गेली. कंपनीने सांगितलं की दार कंपनीबाहेरच्या माणसाने उघडल्यामुळे हमी संपली, तेव्हा ते पैसे ऑडिटरने भरले. दोन्ही स्पीकर पुन्हा बसवायला तो त्याच दुकानात गेला, आणि या वेळी फिटिंग बिलावर आलं, शून्य नव्हे. साडूचा नवा टीव्ही ठरला होता. मेहुणीने 'जुना चालू आहे हं' म्हणून तो रद्द केला, म्हणजे साडूचे पैसे वाचले आणि सगळा खर्च अब्रूच्या खात्यावर गेला. डेंटिस्टसाठी पार्किंगमधल्या दुरुस्तीचा नियम सेक्रेटरीने सैल केला. सेक्रेटरीला स्वतःला, नेहमीप्रमाणे, काहीच खर्च आला नाही. तो दुसऱ्याच दिवशी वर आला आणि शेजारची घंटा वाजवून, शेजाऱ्याबरोबर आत येऊन, बायकोला विचारू लागला की पुढच्या महिन्यात आणखी एखादा कार्यक्रम होईल का, खुर्च्यांची सोय समिती करेल.

"माझं काय," बायको म्हणाली, "मी केव्हाही वाचीन. मजकूर हे पुरवतात."

आणि तिने आतल्या खोलीत बघितलं, जिथे साडूने त्याच सकाळी मुद्दाम पाठवलेला मिक्सर उघडून ऑडिटर बसला होता.